कुत्र्याला दिवाणावरून खाली ठेवायचं तर आधी त्याला खाली चांगली जागा द्या

एप्रिलमधल्या दुपारी आमच्या परभणीच्या घरात सगळ्यांत गार जागा कोणती, हे चंद्रीनं दोन दिवसांत शोधून काढलं. खिडकीतल्या कूलरचा झोत जिथं पडतो तो दिवाण. आम्ही जेवून उठेपर्यंत ती लोडाला पाठ टेकून, चारही पाय पसरून निजलेली असायची. चंद्री ही आमची कारवानी जातीची कुत्री, नांदेडकडच्या एका शेतावरून आणलेली. उंच, सडपातळ, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. ओरडलं की उतरायची, कोपऱ्यात जायची आणि आमची पाठ वळली की पुन्हा वर. महिनाभर आम्ही ओरडत राहिलो आणि काहीच बदललं नाही.

मग एका दुपारी मी तिच्या कोपऱ्यात, शहाबादी फरशीवर दहा मिनिटं स्वतः पडून पाहिलं. कूलरचा झोत माझ्या अंगावरून दोन फूट वरून जात होता. पश्चिमेची भिंत तापलेली होती, तिची धग पाठीला लागत होती. आपण तिला जिथं बसायला सांगतोय तिथं आपल्यालाही बसवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कूलरच्या झडपा खाली वळवल्या, तिचं अंथरूण झोताच्या वाटेत आणलं आणि पुढच्या तीन दिवसांत तिचं वर चढणं निम्म्यावर आलं. शिकवायला तर अजून सुरुवातही केली नव्हती. उरलेलं काम शिकवण्याचं होतं. त्याला सहा आठवडे लागले. ते कसं केलं, काय चुकलं आणि आता दुसऱ्यांना सांगताना मी कोणता क्रम धरतो, ते इथं लिहितो.

ते वर का चढतं, हे आधी ओळखा

दोन दिवस काहीच करू नका. फक्त पाहा आणि वहीत लिहा: कोणत्या वेळी चढलं, नेमकं कुठं बसलं, कसं निजलं, घरात तेव्हा कोण होतं. एवढ्यावरून बहुतेक वेळा कारण सापडतं.

अंग लांब पसरून, पोट टेकवून निजत असेल तर ते गारवा शोधतंय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकणं आणि गार जागेला अंग लावणं हेच त्याचे मुख्य उपाय. पारा ४२-४३ वर गेल्यावर त्यानं वारा शोधणं हा खोडसाळपणा म्हणता येणार नाही. अंगाचं वेटोळं करून, नाक शेपटीखाली घालून निजत असेल तर त्याला थंडी वाजतेय. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा आखूड केसांची कुत्री वाकळीत शिरतात ती याच कारणानं. तोंड सतत खिडकीकडे असेल तर त्याला रस्ता पाहायचाय. तुमच्याच उशीवर, तुमच्याच कुशीच्या जागी जाऊन बसत असेल आणि तेही तुम्ही घरी नसताना, तर त्याला तुमचा वास हवाय. आणि कोपरांवर टणक काळे घट्टे पडले असतील तर फरशी त्याला टोचतेय. कारवानी, पश्मी यांसारख्या हडकुळ्या कुत्र्यांत हे फार दिसतं, तसंच वजनदार लॅब्राडोरमध्ये आणि म्हाताऱ्या कुत्र्यांतही.

एक समज इथंच बाजूला ठेवू. ‘कुत्रं वर बसलं की ते स्वतःला घराचा मालक समजायला लागतं,’ असं पुष्कळजण सांगतात. या कल्पनेचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या निरीक्षणांत आहे. त्यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला होता. पुढं डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेसाठी झगडणारी टोळी नव्हे. तुमच्या दिवाणावरचं कुत्रं गादीवर निजलंय, गादीवर बसून राज्य करत नाही. हे पटलं की राग निम्मा कमी होतो, आणि रागावलेल्या माणसाला शिकवणं जमत नाही.

मग खाली का ठेवायचं? आमच्याकडे कारणं साधी होती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पंजांना लागून येतो आणि तो सहजासहजी धुऊन निघत नाही. घरात दमेकरी माणूस आहे. आणि गोचीड. घरात होणारी तपकिरी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या, फर्निचरच्या फटीत हजारांनी अंडी घालते. दिवाणाच्या फळ्यांत एकदा तिनं ठाण मांडलं की कुत्र्याला कितीही औषध लावा, ती परत येत राहते. तुमची कारणं वेगळी असतील. कारणच नसेल, तुम्हाला ते वर चाललं असेल, तर चालू द्या. त्यानं कुत्रं बिघडत नाही.

घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायची गोष्ट

आमचं खरं घोडं इथं अडलं होतं. मी उतरवायचो आणि आजी म्हणायची, “कामून उठवायलास रे तिला? गार वाऱ्याला निजलीय बिचारी.” सकाळी बंदी, दुपारी आजीच्या राज्यात मुभा, संध्याकाळी पाहुणे आले की आरडाओरडा.

यातून कुत्रं काय शिकतं ते पाहा. आपल्याकडे एखाद्या शेतात एका बोअरला पाणी लागलं की पुढचे तीन कोरडे गेले तरी चौथा घेण्याची आशा सुटत नाही. प्रत्येक वेळी पाणी लागत असतं आणि एक दिवस कायमचं बंद झालं असतं, तर माणसानं लवकर सोडून दिलं असतं. कधीमधी मिळणारं सुख हेच सगळ्यांत चिवट आशा निर्माण करतं. प्राण्यांच्या शिकण्यावर बी. एफ. स्किनर यांनी जे प्रयोग केले त्यांतूनही हेच दिसलं: अधूनमधून बक्षीस मिळालेली सवय मोडायला सगळ्यांत अवघड. दहातून एकदा दिवाण मिळाला तरी कुत्रं दहाही वेळा प्रयत्न करणार.

म्हणून एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून नियम ठरवा. कोणत्या वस्तूंवर चढायचं नाही ते नावानिशी: दिवाण, सोफा, पलंग, बंगई, आजीची बाज. ‘शक्यतो नको’ असा नियम कुत्र्याला कळत नाही.

ज्यांना कुत्र्याला जवळ घेतल्याशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, आपण खाली बसणं. आपल्या घरांत सतरंजी टाकून जेवायची, गप्पा मारायची रीत आहेच. कुत्र्याला कुशीत घ्यायचं तर जमिनीवर घ्या, तिथं हवे तेवढे लाड करा. आजीनं हेच धरलं. आता ती बाजेवर पडते आणि चंद्री बाजेशेजारी खाली, आजीचा हात तिच्या पाठीवर पोचेल अशी. दुसरी वाट म्हणजे खुणेचं कापड. एक ठरावीक चादर टाकली असेल तेव्हाच वर यायचं, एरवी नाही. कुत्री हा फरक नीट शिकतात, पण आधी पूर्ण बंदी पक्की झाल्यावर, दोन-तीन महिन्यांनी. सुरुवातीलाच हे करू नका.

मग शब्द. मराठीत यात एक अडचण आहे. आपण ‘बस’ म्हणतो ते बसण्यासाठीही आणि ‘पुरे’ अशा अर्थानंही. ‘खाली बस’ म्हणतो तेव्हा कुत्रं दिवाणावर असलं तर तिथल्या तिथं बसतं, कारण त्याला ‘बस’ एवढंच शिकवलेलं असतं, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. त्यात आमच्या गल्लीत अर्धे शब्द दखनीतले. मुलं ‘नीचे’ म्हणायची, मी ‘खाली’, आई ‘हाड’. प्रत्येकाचा वेगळा शब्द म्हणजे कुत्र्याच्या लेखी एकही शब्द नाही. आम्ही चारच शब्द ठेवले: खाली येण्यासाठी ‘उतर’, आपल्या अंथरुणावर जाण्यासाठी ‘जागेवर’, मोकळीक देण्यासाठी ‘चल’ आणि बरोबर केलं हे सांगण्यासाठी ‘शाब्बास’. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. ‘हाड’ हा शब्द घरातून काढून टाकला.

त्याची जागा कशी करायची

बाजारातला महागडा बिछाना लागत नाही. जुन्या सुती लुगड्यांची जाड गोधडी, खाली दुहेरी घातलेलं स्वच्छ बारदान, एवढं पुरतं. मात्र कुत्रं अंग पूर्ण पसरून निजू शकेल एवढी ती मोठी हवी. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा आणि वर एक फूट धरा.

उन्हाळ्यात जाड गोधडी गरम होते. तेव्हा बुटकी बाज उत्तम: सहा ते आठ इंच उंचीची चौकट, त्यावर नवारीची पट्टी घट्ट विणलेली. खालून हवा खेळते. सुंभाची विणलेली घेऊ नका, नखं अडकतात. बाजेवर पातळ गोधडी टाका आणि तीच गोधडी कायम ठेवा. कुत्र्याच्या दृष्टीनं ते कापड म्हणजे जागेची खूण. पुढं गावी जाताना ते कापड सोबत नेलं की नव्या घरातही त्याला आपली जागा कळते.

कुठं ठेवायची? कूलरच्या झोतात, पण तोंडावर सतत जोराचा वारा आदळणार नाही इतकी बाजूला. पाठीशी भिंत, समोर दार आणि घरातली माणसं दिसतील अशी. येण्याजाण्याच्या वाटेत नको, लेकरं तुडवतात आणि मग कुत्रं उंच जागा शोधतं. त्याला खिडकी हवी असेल तर खिडकीतून दिसेल अशा ठिकाणी ती बाज सरकवा. तुमचा वास हवा असेल तर तुमचा जुना, न धुतलेला सदरा गोधडीवर ठेवा. जे त्याला वर मिळत होतं ते खाली मिळालं पाहिजे.

पहिला आठवडा: जागेवरची गोडी

या आठवड्यात दिवाणाचं नावही काढायचं नाही. फक्त गोधडी त्याला आवडायला लागावी, एवढंच काम.

खाऊ तयार ठेवा. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे: बिनमिठाची उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं, पनीर, बिनमिठाचे फुटाणे अर्धे करून. शाकाहारी घरांत दह्यात बुडवून उन्हात सुकवलेल्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे फार चालतात. दिवसाला तीस-चाळीस तुकडे लागतील, तेवढं त्याचं रोजचं खाणं कमी करा. कांदा-लसूण घातलेलं कालवण, मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट अजिबात नाही. ही कुत्र्याला विषासारखी आहेत.

जेवणाआधी, पोट थोडं रिकामं असताना, तीन मिनिटं. दिवसातून चार-पाच वेळा. एकदम अर्धा तास नको.

काही न बोलता एक तुकडा गोधडीवर टाका. ते जाईल, खाईल. चारही पाय गोधडीवर आले त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि आणखी दोन तुकडे गोधडीवरच ठेवा. हातातून भरवू नका, नाहीतर त्याचं सगळं लक्ष हाताकडे राहतं. जिथं खाऊ सापडतो ती जागा आवडती होते. मग ‘चल’ म्हणून त्याला उठवा, दोन पावलं चालवा आणि पुन्हा तेच. ‘शाब्बास’ एका सेकंदाच्या आत आलं पाहिजे. तीन सेकंद उशीर झाला तर तोवर ते खाली उतरून वास घेत असतं आणि तुम्ही त्याला वास घेतल्याचं बक्षीस देऊन बसता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही गोधडीकडे पाहिलं तरी ते तिकडे निघेल. आता शब्द जोडा. ते निघायच्या अगदी आधी ‘जागेवर’ म्हणा. एकदाच. ‘जागेवर, जागेवर, अगं जागेवर’ असं तीनदा म्हटलं तर तिसऱ्या हाकेला जायचं असतं, असं ते शिकतं.

दहापैकी आठ वेळा बरोबर जाईपर्यंत पुढची पायरी नाही. नंतर अंतर वाढवा: दोन पावलं, मग दिवाणाजवळून, मग स्वयंपाकघरातून. अंतर पक्कं झालं की वेळ: पाच सेकंद थांबलं की तुकडा, मग दहा, मग पुन्हा तीन, मग वीस. दर वेळी फक्त वाढवतच नेलं तर ते कंटाळून उठतं. मधूनच सोपं द्या. आपणहून जाऊन निजलेलं दिसलं तर चुपचाप एक तुकडा पंजांजवळ ठेवून निघून जा. चंद्रीवर सगळ्यांत जास्त परिणाम या न मागता मिळालेल्या तुकड्यांचा झाला.

दुसरा आठवडा: ‘उतर’

कुत्रं दिवाणावर असताना पट्टा धरून ओढू नका. ओढलं की प्राणी उलट्या बाजूला जोर लावतो, आणि काही कुत्री हाताला घाबरून चावायला शिकतात. घरात कुणी लक्ष ठेवायला असेल तेव्हाच त्याच्या पट्ट्याला तीन-चार फुटांची हलकी, गाठ नसलेली दोरी लावून ठेवा. एकटं सोडताना ती काढायची, कुठंही अडकून गळफास बसू शकतो.

‘उतर’ म्हणा. एक श्वास थांबा. मग तुकडा जमिनीवर, त्याला दिसेल असा टाका. चारही पाय जमिनीला लागले की ‘शाब्बास’. चार-पाच वेळा असं झालं की नुसत्या हाताच्या खुणेवर उतरायला लागेल. नाहीच उतरलं तर दोरी हलकेच धरून, ती ताणलेली ठेवून, तुम्ही चालायला लागा. ओरडणं नाही, झटका नाही.

यात माझी एक चूक झाली ती सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येकजण करतो. उतरल्याबद्दल मी चंद्रीला दर वेळी पनीर देत राहिलो. आठवड्यानं ती मुद्दाम दिवाणावर चढून माझ्याकडे पाहायला लागली. तिनं नेमका धडा घेतला होता: चढायचं, ‘उतर’ ऐकायचं, उतरायचं, पनीर. चढणं हीच बक्षिसाची पहिली पायरी झाली होती.

म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांनंतर उतरण्याला नुसतं ‘शाब्बास’. मग ‘जागेवर’. तिथं जाऊन दहा-पंधरा सेकंद निजलं की मग तुकडा. आणि मुळात न चढता जागेवर निजलेलं असेल तेव्हा त्याहून मोठं बक्षीस. हिशेब असा ठेवा की न चढण्यात सगळ्यांत जास्त फायदा आणि चढून उतरण्यात सगळ्यांत कमी.

तिसऱ्या आठवड्यापासून: चढायच्या आधीच

कुत्रं एकदम उडी मारत नाही. आधी काठाशी येतं, हनुवटी गादीवर टेकवतं, तुमच्याकडे एक नजर टाकतं, मग एक पंजा वर. ही हनुवटी टेकवण्याची वेळ पकडा. तेव्हाच शांतपणे ‘जागेवर’ म्हटलं तर ते वळतं. पंजा वर गेल्यावर वळवणं अवघड जातं.

आता मुद्दाम मोह दाखवा, पण एका वेळी एकच. तुम्ही दिवाणावर बसा, ते जागेवर. मग दिवाणावर बसून चहा घ्या. मग आडवे व्हा. मग मुलाला लोडाशी खेळू द्या. मग शेजारच्या कुणाला मुद्दाम बोलावून दाराची कडी वाजवायला सांगा. एखाद्या पायरीवर दोनदा चुकलं तर मागच्या पायरीवर या. त्याची चूक झाली असं धरू नका, आपण घाई केली असं धरा.

या काळात एक दिवस असा येतो की सगळं सुटलं असं वाटतं. आमच्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी चंद्री अचानक दिवसातून दहा-बारा वेळा चढू लागली, वर केविलवाणं ओरडायलाही लागली. जुनी सवय मरायच्या आधी एकदा उसळी मारते. नेमका त्याच वेळी घरातल्या कुणाचा जीव कळवळून मुभा मिळाली तर सगळं पाण्यात जातं. दोन-तीन दिवस धीर धरा, उसळी बसते.

तुम्ही घरी नसताना

शिकवण पक्की व्हायला सहा आठवडे लागतात आणि तेवढा काळ त्याला एकट्यानं चढायची संधी मिळता कामा नये. खोलीचं दार लावा. दार लावता येत नसेल तर दिवाणावर लोड-तक्के उभे रचा, सोफ्यावर प्लास्टिकचे स्टूल आडवे ठेवा. उंबऱ्याला अडीच-तीन फुटांची फळी लावली तरी लॅब्राडोर सहसा थांबतं. कारवानी ती सहज ओलांडते, तिथं दारच हवं. गादीची खोळ, चादर आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा म्हणजे त्याचा स्वतःचा वास तिथून जाईल.

आणि घरी आल्यावर गादीवर केस दिसले तर गप्प राहा. तेव्हा रागावणं वाया जातं. ‘बघा, चेहऱ्यावरच दिसतंय, त्याला चूक कळलीय,’ असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मालकानं मनाई केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो, मालक रागावला की कुत्री तसा ओशाळा चेहरा करत होती. तो चेहरा आपल्या आवाजाला घाबरून होतो. दोन तासांपूर्वीच्या दिवाणाशी त्याचा संबंध ते लावू शकत नाही. दार उघडल्यावर तुम्ही रागावता, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

गादीवर तिखट टाकणारी घरं मी पाहिली आहेत. कुत्र्याच्या नाकाला आणि डोळ्यांना त्यानं जी इजा होते ती कल्पनेपलीकडची आहे. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्या चघळल्या तर जिवावर बेततं. फिनेल शिंपडू नका, ते पंजांना लागतं आणि चाटण्यातून पोटात जातं. पेपरची सुरळी, चप्पल, काठी यांनी कुत्रं एवढंच शिकतं की तुम्ही समोर असताना चढायचं नाही. आणि ‘बांधून टाका’ हा सल्ला ऐकू नका. आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात बसत नाही, आणि बांधलेलं कुत्रं दिवाणाबद्दल काहीच शिकत नाही.

गुरगुरत असेल तर

दिवाणावरून उठवताना कुत्रं गुरगुरलं, अंग ताठ केलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला तर तिथंच थांबा. हात पुढं करू नका, लेकरांना खोलीबाहेर घ्या. दूर जाऊन खाऊचा डबा वाजवा, ते उतरून येईल. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका. ती सूचना आहे, ती दाबली तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात.

पूर्वी कधी न गुरगुरणारं कुत्रं अचानक गुरगुरायला लागलं तर आधी दुखण्याचा विचार करा. कंबर, मांडीचे सांधे, कान. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथंही नेता येतं. दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करा. पाळलेलं आहे, लस दिलेली आहे म्हणून टाळू नका.

म्हाताऱ्या कुत्र्याचं वेगळं. दहा वर्षांच्या लॅब्राडोरला नवा नियम शिकवता येतो, पण त्याच्या सांध्यांना मऊ अंथरूण आधी लागतं. आमच्या शेजारच्यांनी जुनी कापसाची गादी दुमडून, वर धुता येणारी खोळ घालून दिली आणि तो सोफ्याकडे फिरकायचाच बंद झाला. शिकवावं काही लागलंच नाही.

पिल्लू असेल तर

पिल्लाला पहिल्या दिवसापासून वर घेऊ नका. दोन महिन्यांचं इवलंसं पिल्लू मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायचा मोह आवरत नाही, पण तेच सहा महिन्यांनी वीस किलोचं होतं आणि तेव्हा नियम बदलला तर त्याला तो अन्याय वाटणार. शिवाय कोवळ्या हाडांनी उंचावरून उड्या मारणं धोक्याचं. पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. डुलकी लागली की उचलून गोधडीवर ठेवत राहा, महिनाभरात ते स्वतः तिकडे जातं.

दमलेलं कुत्रं जागेवर निजतं, हेही विसरू नका. कारवानीला पळायला लागतं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी डांबर निवल्यावर. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजणार.

ऋतू बदलला की

वर्षातून तीनदा हे गणित नव्यानं मांडावं लागतं. मार्चअखेर बुटकी बाज बाहेर, कूलरच्या झडपा खाली. वीज गेल्यावर कूलर थांबतो तेव्हा बारदान पाण्यात भिजवून, घट्ट पिळून बाजेवर टाका. आपल्या कोरड्या हवेत ते तासभर तरी गार राहतं. जूनमध्ये पाऊस लागला की दाराशी पाण्याची बादली आणि पंजे पुसायला जुनं धोतर, आणि गोधडी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात. ऊन पडलं की लगेच बाहेर टाका, ओलसर गोधडीला वास लागला की कुत्रं ती सोडतं. दिवाळीनंतर बाज भिंतीच्या कडेला, थंड झोतापासून दूर, खाली दुहेरी बारदान आणि वर जास्तीची वाकळ. चंद्रीला आम्ही मुलाचा जुना स्वेटर बाह्या कापून घालतो.

प्रत्येक बदलाच्या वेळी पहिल्या आठवड्यातला धडा दोन-तीन दिवस पुन्हा घ्या, तुकड्यांसकट. आठ दिवस गावी राहून आल्यावरही तसंच. मागच्या हिवाळ्यात माळेगावच्या यात्रेहून परतलो तेव्हा पाहुण्यांनी घरभर गाद्या टाकल्या होत्या आणि चंद्री दाराशी उभी राहून एकेका गादीकडे पाहत होती. कोणती वरची आणि कोणती खालची, हे तिला ठरवता येईना. पिशवीतून तिची गोधडी काढून कोपऱ्यात टाकली, ‘जागेवर’ म्हटलं. ती जाऊन दोन गिरक्या घेऊन निजली.